दहाव्याचा जांभळा भात

घाटावरचे कावळे पिंपळावर नुसते बसून होते. वडिलांच्या पिंडाला एकही शिवेना. हेरंबने हात जोडून सगळं कबूल करून पाहिलं. आईला अंतर देणार नाही, घर विकणार नाही. एक कावळा खाली उतरला, त्यानं जांभळ्या भाताकडे मान वाकडी करून बघितलं आणि तो उडून गेला.

"त्यांची काही इच्छा राहिलीय का?" गुरुजींनी विचारलं.

"पांढरा भात," सुलभाताई म्हणाल्या.

"आई, पांढरा तांदूळ सरकारनं कधीच बंद केलाय. आता जांभळाचा अर्क मुरवलेलाच मिळतो. त्यानंच बाबांची साखर उतरली, पाय वाचला!"

"वाचला ना. पण रोज ताटावर बसले की म्हणायचे, तुरट लागतंय. आणि तू ओरडायचास, औषध समजून गिळा."

हेरंब वैतागला. "गुरुजी, ऊन चढलंय. दर्भाचा कावळा करा आणि पिंडाला शिववून टाका एकदाचा."

गुरुजींनी दर्भ वळायला घेतला.

"करा," सुलभाताई म्हणाल्या. "त्याला चव कळत नाही." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुला बाबाही तसेच हवे होते."