रेघेपर्यंत

आचारीबुवांनी औषधाची बाटली थेट तोंडाला लावली. औषध घशात उतरायच्या आत सुनेनं ती हातातून काढून घेतली. मिशीला एक थेंब तेवढा लागला.

पाच दिवस बुवांचं पोट साफ व्हायला तयार नव्हतं. ज्यांच्या हातचं साठ माणसं रोज दोन वेळा जेवून तृप्तीची ढेकर देतात, तेच बुवा गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले होते. काल सून त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. बाईंनी पोट दाबून पाहिलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या आणि हे गोड, पातळ औषध दिलं. झाकणात आत रेघ आहे, तिथपर्यंत भरायचं, रोज सकाळी एकदाच. पाणी भरपूर प्यायचं. गुण यायला दोन दिवसही लागतात, तोवर आपल्या मनानं वाढवायचं नाही. जुलाब लागले, उलटी झाली किंवा पोटात जोराच्या कळा आल्या तर औषध थांबवून तडक दवाखान्यात यायचं.

बुवांनी मान डोलावली होती आणि घरी येऊन झाकण खिडकीत ठेवून दिलं होतं. मापाशी त्यांचं वैर होतं. खानावळीत त्यांची ख्यातीच अंदाजाची. शेगडीशेजारी त्यांची मिठाची बरणी असायची, चिनी मातीची, रुंद तोंडाची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बुवा कोपरापर्यंत हात आत घालायचे, गावगप्पा चालू ठेवूनच मुठीमागून मूठ बाहेर काढायचे आणि रश्श्यात सोडायचे. मीठ कधी कमी नाही की जास्त नाही. लोक तोंडात बोटं घालायचे.

सून सहा महिन्यांपूर्वी या घरात आली ती मापाचे चमचे घेऊन. मोजूनमापून रांधणाऱ्याच्या हाताला चव नसते, असं सांगून बुवांनी तिला कांदे चिरायला बसवलं. सहा महिने तिनं कांदेच चिरले. एकदा, फक्त एकदा शेगडी आपल्या हाती यावी, एवढीच तिची इच्छा होती. पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तरी कांद्यावर ढकलायची सोय मात्र होती.

आज ती बोलली.

"बाबा, रश्श्यात मीठ जास्त पडलं तर वरून पाणी घालता येतं. हे औषध जास्त पडलं तर तेच अंगातलं पाणी ओढून बाहेर काढतं. मग मी काय घालू?"

बुवांनी मिशीवरचा थेंब पुसला. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलेलं त्यांना पटकन कळायचं. पण हार मानतील तर ते बुवा कसले. त्यांनी पैज लावली. तुझ्या या टोपणभर औषधानं गुण आला तर एक दिवस शेगडी तुझी. नाही आला तर ते मापाचे चमचे पुन्हा दिसता कामा नयेत.

सुनेनं खिडकीतलं झाकण धुऊन आणलं आणि औषध ओतलं. बुवांनी एक डोळा मिटला, मान वाकवून नजर रेघेच्या बरोबरीला आणली आणि म्हणाले, "केसभर वर गेलंय." तिनं पाहिलं, खरंच गेलं होतं. तिनं तेवढं बाटलीत परत ओतलं. माप न वापरणाऱ्याला हे दिसलं कसं, एवढं मात्र तिच्या मनात येऊन गेलं.

पुढचे दोन दिवस सगळी खानावळ बुवांच्या पोटावर डोळा ठेवून होती. जेवायला येणारे हात धुण्याआधी बातमी विचारायचे. त्यांच्यातल्या कारकुनानं बुवांच्या बाजूनं चहाची पैज घेतली, शिंप्यानं सुनेच्या. ती तासातासाला पाण्याचा पेला बुवांपुढे धरायची आणि ते औषधापेक्षा पाण्यालाच जास्त तोंड वाकडं करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाटलीकडे आशाळभूतपणे पाहिलं. तिनं बाटली कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुवा न्हाणीघराशेजारच्या दारातून बाहेर आले ते गाणं गुणगुणत. चेहरा असा, जणू लेकीचा पहिला नंबर आलाय. सुनेचा जीव भांड्यात पडला. आधी ती खुदकन हसली, मग बुवा हसले, मग कारकुनाला चहा पाजावा लागला म्हणून शिंपी सगळ्यात मोठ्यानं हसला.

बुवा शब्दाला जागले. त्यांनी कमरेला खोचलेला पंचा काढून सुनेच्या खांद्यावर टाकला आणि शेगडीपासून दोन पावलं मागे सरले. रस्सा रटरटू लागला. साठ माणसांचं मीठ घालायची वेळ आली, तसा तिचा हात मापाच्या चमच्यांकडे गेला आणि तिथंच थबकला. मोजणाऱ्याच्या हाताला चव नसते म्हणतात, ते खरं निघालं तर?

एरवी बोलघेवडे बुवा मिठाची गुळणी धरून उभे होते. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं, दार लोटून घेतलं आणि बरणी उचलून तिच्यापुढे ठेवली.

"घाल हात. तळापर्यंत."

तिनं कोपरापर्यंत हात घातला. मिठाखाली बोटांना काहीतरी कडक लागलं. तिनं ते बाहेर काढलं. औषधाच्या बाटलीचं जुनं झाकण होतं, कडा झिजलेल्या, आत एक पुसट रेघ.

तिनं तोंड उघडण्याआधीच बुवांनी दाराकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, पोरी. चाळीस वर्षांचा अंदाज आहे तो."