शून्यामागचं कारण

"सोमवारी जाऊ म्हटलं ना," वडील म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली म्हणून थांबले.

ती वैतागली. आज बुधवार होता. दोन दिवसांपासून त्यांना चार पावलं टाकली की धाप लागत होती, पायांवर सूज चढली होती. हृदयावर उपचार करून नुकतंच घरी सोडलेल्या माणसानं असं अंगावर काढू नये, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण वडिलांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. वायदे करायची सवय सुटत नव्हती.

"मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?" तिनं विचारलं. ते नुसते हसले. मोठ्या माणसाला ओढून थोडंच नेता येतं, म्हणून ती चरफडत कामाला गेली.

तिथंही डोक्याला ताप होताच. रुग्णालयांचा खर्च आणि उपचारांचा दर्जा, या अभ्यासात तिची बारा वर्षं गेली होती. घरी सोडलेला रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा भरती झाला, तर रुग्णालयाचे पैसे कापायचे, हा नियम तिच्याच अहवालावरून लागू झाला होता. त्यानंतर एका रुग्णालयाचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला. एकही रुग्ण परत नाही. म्हणून तर वडिलांना तिनं हट्टानं तिथंच नेलं होतं.

पण शून्य का, हे काही केल्या सापडत नव्हतं. डॉक्टर चारचौघांसारखे, औषधं तीच, खाटा तर इतरांपेक्षा जुन्या. तीन महिने कागद उपसून हाती काही लागलं नाही. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता आणि साहेब रोज टोचत होते.

काल संध्याकाळी मात्र तिची ट्यूब पेटली. त्या रुग्णालयातली वॉर्डातली नर्स रोज सातला वडिलांना फोन करायची. ते फोन घेऊन गॅलरीत जायचे, हळू आवाजात "हो", "घेतली", "जमेल की" असं बोलायचे. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, ती सगळ्यांनाच करते, महिनाभर. पोर गुणी आहे, तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा. तिला स्वतःचाच राग आला. आज तिनं ते लिहून दिलं तेव्हा साहेब पहिल्यांदाच खूश झाले. हा रोजचा फोन सगळ्याच रुग्णालयांना सक्तीचा करू, असंही म्हणाले.

ती घरी आली तेव्हा वडील भिंतीचा आधार घेत न्हाणीघराकडे निघाले होते. सूज गुडघ्यापर्यंत आली होती. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी दार लावून घेतलं.

सात वाजले. टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. बरं झालं, तिला वाटलं. आपलं ऐकत नाहीत, निदान हिचं तरी ऐकतील. आजच भरती व्हा म्हणून हिलाच त्यांना दटावायला सांगू. तिनं फोन उचलला.

नर्स घाईत होती. तिनं पलीकडून आवाज यायचीही वाट पाहिली नाही.

"काका, आज सव्विसावा दिवस. अजून थोडी कळ काढा, सोमवारी एकतिसावा लागला की मी स्वतः दारात उभी राहून तुम्हाला भरती करून घेते."