अठ्ठ्याण्णव टक्के

"अगं, बातमीवर काय जातेस? लेकरू रडलं की आधी कपडे काढून बघावं," शेजारच्या नर्सकाकूंचं हे सांगणं बाळाच्या आईने हसण्यावारी नेलं होतं. 'बाळ का रडतंय, आता मोबाइल सांगणार. अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के!' अशी बातमी वाचून तिने ते ॲप घेतलं होतं.

आज दुपारभर बाळ रडत होतं आणि ॲप एकच सांगत होतं, भूक लागली आहे. पाजून पाजून ती थकली, आणि शेवटी तिने काकूंनाच हाक मारली.

काकूंनी मोजा काढला. पायाची करंगळी सुजून लाल झाली होती. आईच्याच डोक्यातला एक गळलेला केस करंगळीभोवती आवळला होता.

"तुझं लेकरू उरलेल्या दोन टक्क्यांतलं गं," केस अलगद सोडवत काकू म्हणाल्या.



तुमच्या घरी तान्हं बाळ रडत असेल, तर हे पुढे पाठवणं राहू द्या. आधी त्याचे मोजे काढून बघा.