आधी ते बंद कर

“आधी ते बंद कर. मग गाते.”

अकरा वर्षांपूर्वी, बरकतपुऱ्याच्या घरात, लसूण सोलता सोलता आई म्हणाली होती. राणीच्या कानात तो आवाज अजून तसाच होता, बोटांना लसणाचा वास राहावा तसा.

आज आई हिमायतनगरच्या एका सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. राणीनंच तिला ऑटोतून आणून बसवलं होतं. राणी स्वतः सगळ्यात मागे, साउंडच्या टेबलाशी. आजच्या कार्यक्रमाचं काम तिनं मागून घेतलं होतं.

कार्यक्रमाआधी हर्षवर्धन मागे आला होता.

“राणी? तू आहेस साउंडला? अजून वायरीच गुंडाळतेस?”

“कुणीतरी गुंडाळायला पाहिजेत.”

“चला, तुझ्या हातात आहे म्हणजे मला काळजी नाही.”

“नकोच करू,” राणी म्हणाली.

आता तो मंचावर होता. पांढरा कुर्ता, समोर लॅपटॉप. त्याची ती चाळीस मिनिटांची रचना जगभर वाजायची. योगाच्या वर्गात, विमानतळावर, तान्ह्या बाळांना झोपवायला. एका बाईचा दोन मिनिटांचा आवाज, वीसपट संथ केलेला. शब्द विरघळून गेलेले, नुसती घुमघुम उरलेली.

“हा माझ्या आजीचा आवाज,” तो माईकवर म्हणाला. “गावाकडे, जात्यावर. जाताना तिनं मला दिलेला आशीर्वाद.”

राणीनं दात आवळले. त्याची आजी सिकंदराबादेत इंग्रजी शाळेत भूगोल शिकवायची.

आवाज राणीच्या आईचा होता. राणीच्या आधी एक मुलगा झाला होता. अकराव्या दिवशी गेला. बारसं उद्यावर होतं. तो गेल्यावर त्याच्यासाठी आईनं एक ओवी रचली होती. दुपारी दार लोटून घेऊन ती जणू त्याच्यापाशीच म्हणायची, दुसऱ्या कुणापाशी नाही.

राणी आणि हर्षवर्धन एका खोलीत, एकाच कॉम्प्युटरवर काम शिकले. भांडून वेगळे झाले त्या दिवशी तो त्या ओवीच्या ध्वनिमुद्रणाची नक्कल घेऊन गेला. मग नऊ वर्षं राणी ती ऐकत राहिली. एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना. ओरडताही आलं नव्हतं.

हॉलभर घुमघुम पसरली. माणसांनी डोळे मिटले.

“काय गं हे?” राणीच्या आईनं, पद्मावतीबाईंनी, शेजारच्या मुलीला विचारलं. “फ्रिज चालू ऱ्हायल्यावानी. किती वेळ हाय अजून?”

“आंटी, डोळे मिटून ऐका ना.”

“मिटले की झोप येती.”

राणीनं मूळ ध्वनिमुद्रण तेवढंच संथ करून आणलं होतं. हर्षवर्धनच्या लॅपटॉपचा आवाज तिनं हळूहळू खाली ओढला, आपला वर केला. कुणाला कळलं नाही. यातली एक जागा कापावी, असं तिला काल दिवसभर वाटत होतं. पण कात्री लावली तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय? नाही कापली.

मग तिनं वेग वाढवायला सुरुवात केली. वीसपटीवरून दहा. दहावरून पाच. घुमघुमीचा हुंकार झाला, हुंकाराचा श्वास. हर्षवर्धननं डोळे उघडले. लॅपटॉपवर दोन-तीनदा बोटं आपटली. त्या लॅपटॉपचा आवाज केव्हाच बंद झाला होता. त्यानं मान वर करून मागच्या टेबलाकडं पाहिलं. राणीनं हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

मग सगळ्या हॉलला स्वच्छ ऐकू आलं. लसणाच्या सालींची सळसळ. आणि एक बाई.

“राणे, दादाची ओवी कशाला गं तुला? ती त्याचीच हाय. आधी ते बंद कर. मग गाते.”

एक मुलगी म्हणाली, “केलं, आई.”

मग ओवी.

*अकरा दिसांचा पाहुणा, नाव ठेवायचं राहिलं*
*बाराव्या दिशी पाळण्यात नुसतं चांदणं पाहिलं*

“हे... हे काहीतरी टेक्निकल...” हर्षवर्धन माईकवर म्हणाला. “आजीच्या दुसऱ्या एका...”

पहिल्या रांगेतली ती मुलगी उठून उभी राहिली. तिच्या शेजारच्या म्हातारीचे ओठ हलत होते, ओवीच्या एकेका शब्दाबरोबर.

“सर,” ती म्हणाली, “आजी तो यहाँ बैठे हैं.”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. हर्षवर्धनचा हात माईकवरून सुटला. त्याचा चेहरा राणीनं नऊ वर्षं मनात जसा रंगवला होता अगदी तसा झाला, ओठांच्या कडांसकट. तिनं तो पोटभर पाहिला.

ओवी संपली. पद्मावतीबाईंनी मंचाकडं एकदाही पाहिलं नाही. खुर्चीला धरून त्या उठल्या, मागं वळल्या. मागच्या अंधारात लेक दिसेना, तेव्हा दिव्यांचा उजेड अडवायला डोळ्यांवर तळहात धरला.

“राणे,” त्या म्हणाल्या, “तू तर केलं म्हणालीस.”

सगळ्या माना मागं वळल्या. राणीच्या हाताशी दहा खटके होते. एकही आता कामाचा नव्हता.

“नव्हतं केलं, आई.”