नऊ मिलिमीटरची रिंग

"अजून कापा, बाई. पूर्ण कापा!"

बाईंनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. गाडीखालून खर्रकन आवाज आला आणि टर्नर ओरडला, "बास, बास!"

"घासतंय का?"

"घासतंय कसलं, चाक ब्रेकचा पाइप खाऊन टाकेल. हा पाइप फुटला की संपलंच सगळं."

बाई उतरल्या आणि सरळ जमिनीवर बसून खाली डोकावल्या. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही. "मग आता हो?"

"स्टिअरिंगच्या रॅकचा जो दांडा चाकं वळवतो, त्यावर दोन्ही बाजूंना एकेक रिंग चढवायची. दांडा रिंगेला अडला की चाक तिथंच थांबेल. नऊ मिलिमीटरची पुरे."

"जरा जाड केली तर? जास्त सुरक्षित."

"छे! चौदा केलीत तर गाडी फाटकाबाहेर वळायचीच नाही. समोर भिंत, शेजारी खांब, मागेपुढे करायला तसूभर जागा नाही. नऊला निघेल, चार बोटं राखून."

"रविवारच्या आत होईल ना? ताईला कळवून बसलेय."

"होईल की," टर्नर म्हणाला आणि दांडा झाकणारा रबरी बूट पुसत राहिला.

ही गाडी बाईंच्या यजमानांची. सुट्या भागांच्या पेट्या मागवून घरच्या शेडमध्ये ते नऊ वर्षं ती जोडत होते, आणि कारखान्यात लेथ चालवणारा दोस्त म्हणून टर्नर दर रविवारी हाताखाली. यजमान गेले. महिनाभर शेड बंद राहिली. मग एके दिवशी बाईंनी निरोप धाडला, "टर्नरसाहेब, गाडी पुरी करायची आहे." तेव्हापासून दोन वर्षं पुन्हा तेच रविवार. बाई उजेडाला बॅटरी धरायच्या, पाने हातात द्यायच्या, चुकीचा पाना मागितला तर "परत विचार करा" म्हणून दटावायच्या. टर्नरचं लग्न राहूनच गेलं होतं. सोमवार ते शनिवार तो नुसता दिवस ढकलायचा.

आणि आता गाडी पुरी होत आली होती. बाई तीच घेऊन बहिणीच्या गावी कायमच्या निघाल्या होत्या.

"एवढी घाई कशाला?" त्यानं एकदा धीर करून विचारलं होतं.

"इथं मला थांब म्हणणारं तरी कोण आहे?" बाई हसून म्हणाल्या. टर्नरच्या घशाशी शब्द आला होता, पण तो एक नट शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली शिरला तो पाच मिनिटं बाहेरच आला नाही.

गुरुवारी दुपारी त्यानं लेथवर रिंगा काढल्या. नऊच्या दोन झाल्या. मग हात थांबेना, म्हणून चौदाच्याही दोन काढल्या. त्या तळहातावर घेऊन तो किती तरी वेळ उभा होता. पाच मिलिमीटर! तेवढ्यानं बाई राहिल्या असत्या, आठवडा तरी, महिना तरी. त्याला बाई जायला नको होत्या, अजिबात नको होत्या. चारही रिंगा खिशात टाकून तो शनिवारी सकाळी शेडवर गेला.

पण बाईंनी नेहमीसारखी बॅटरी धरली आणि त्याचा हात आपोआप नऊच्या रिंगांकडे गेला. इतकी वर्षं कुणाला खोटं माप दिलं नव्हतं, बाईंना कुठून देणार?

बाईंनी स्वतः गाडी फाटकाबाहेर काढली, परत आत घेतली, पुन्हा काढली. चार बोटं राखून निघाली.

"आता काही उरलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदा परत बघा हो."

"बघितलं, बाई. काही म्हणजे काही उरलेलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. साधा चहासुद्धा विचारला नाही. टर्नरला फार लागलं ते. जाणाऱ्याचं मन आधीच गेलेलं असतं, असं मनाशी म्हणत तो घरी आला.

रविवारी सकाळी बाईंची ताई न्यायला हजर. मांडीवर डबा घेऊन ती गाडीत बसलीसुद्धा. टर्नर हात दाखवायला फाटकाबाहेर उभा राहिला. बाईंनी गाडी पुढे घेतली, स्टिअरिंग कापलं, आणि गाडीचं नाक सरळ भिंतीवर आलं.

"कापा, बाई, कापा!"

"एवढंच वळतंय हो," बाई म्हणाल्या.

मागे घेतली, पुन्हा काढली. पुन्हा भिंत.

"काल तर निघाली म्हणालीस!" ताई कडाडली. "कसला टर्नर हा? साधं माप कळत नाही?"

टर्नरला घाम फुटला. आपणच पापी, आपल्याच मनात होतं. हातानं घात केला की काय? त्यानं खिसा चाचपला. चौदाच्या दोन्ही रिंगा खिशातच होत्या. मग?

"बघतो," म्हणून तो गाडीखाली शिरला. बाई उतरल्या, नेहमीसारख्या चाकाशी बसल्या आणि त्यांनी बॅटरी धरली.

"किती वेळ लागणार आहे?" वरून ताईनं विचारलं.

त्यानं रबरी बूट मागे सारला. त्याची नऊची रिंग जागच्या जागी होती. तिला चिकटून दांड्यावर पाण्याच्या पाइपचा एक तुकडा बसवला होता. करवतीनं कापलेला, बरोब्बर पाच मिलिमीटरचा, कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेला. आणि त्यावर पेन्सिलीनं, फळ्यावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : डावी.