चार वह्या, तीन अक्षरं

आयुषी चोरडियाने चौथी वही उघडली आणि आधीच्या तीन पुन्हा काढून शेजारी मांडल्या. 'माझं गाव' या विषयावरचे निबंध चार होते, गावं चार होती, पण अक्षरं तीनच. चारही वह्यांत सुरुवात एका गोल, नेटक्या अक्षरात. मधला भाग दुसऱ्याच कललेल्या अक्षरात. शेवट तिसऱ्यात, आणि तोही लिहिणाऱ्याची बस सुटत असल्यासारखा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ती जुलैपासून निबंध शिकवत होती. सुरुवात, मध्य, शेवट. वाक्य संपलं की पूर्णविराम. मुलं पूर्णविराम द्यायची, पण वाक्य संपायच्या आधी. ह्या चार वह्यांत मात्र सगळं जागच्या जागी होतं, आणि तेच तिला खुपत होतं.

"मॅडम, यादी व्हयनी का?" दारात कारकून हेमकांत चाव्या वाजवत उभा होता. "साहेब वाट देखी ऱ्हायनात."

अंतर्गत गुणांची यादी आजच जायची होती. ज्याच्यापुढे शून्य, त्याला परीक्षेला बसता येणार नव्हतं. हेमकांतने वाकून वह्या पाहिल्या. "कॉपी शे ही, दुसरं काय! शून्य द्या आनि मोकळ्या व्हा."

आयुषीने चौघांना बोलावून घेतलं. धडगावकडच्या वरच्या पाड्यांवरची मुलं, इथे शहाद्याला वसतिगृहात राहणारी. ती येऊन ओळीने उभी राहिली.

"निबंध कोणी लिहिले?"

"आम्ही," दिलवरसिंग म्हणाला.

"कोणाचा कोणी?"

"सगळ्यांचे सगळ्यांनी." त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. "आमच्याकडे निंदणीला लाह करतात, मॅडम. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे वाहरूच्या. तशी ही केली. सुनिता सुरुवात चांगली करते. मधलं वाहरूचं. मला कंटाळा लवकर येतो, म्हणून शेवट माझा."

"ज्याची वही, त्याने चहा पाजायचा," वाहरूने नियम पुरा केला.

आयुषीला हसू आलं. ते तिने कसंबसं गिळलं. "आणि आशा काय करते?"

सुनिताच बोलली. "आशा विचारते. पाड्यात पहाटे पहिलं कोण उठतं, पाणी कुठून आणतात, म्हातारी माणसं कुठे बसतात. ती विचारते म्हणून आम्हाला सुचतं. लिहायला तिला फार वेळ लागतो. मग आम्ही तिला लिहू देत नाही."

आयुषीला स्वतःचीच लाज वाटली. तीन महिने ती आशाच्या वहीवर गुण देत आली होती, आणि त्या वहीत आशाचं अक्षर एकदाही नव्हतं. मुलांना दोष देऊन काय उपयोग? परीक्षेत आशापुढे कोरी उत्तरपत्रिका असणार होती आणि शेजारी सुनिता नसणार होती.

"परीक्षेत लाह चालत नाही," ती म्हणाली. "आत्ताच बसा, चौघं चार कोपऱ्यांत. आज सकाळपासून काय काय पाहिलं, ते लिहा. एक पान. चुकलं तरी चालेल, पण ज्याचं त्याने. पान भरलं तर पास. नाही भरलं तर शून्य."

सुनिताची नुसती सुरुवातच पाऊण पान झाली. वाहरूने मधूनच सुरू केलं. दिलवरसिंगने दहा ओळींत शेवट करून टाकला, मग पान उरलं म्हणून पुन्हा सकाळ केली. तिघांची पानं भरली. आयुषीने यादीत तिघांचे गुण लिहिले.

आशाचं अर्धं पान झालं होतं. ती एक शब्द ओठांत म्हणायची, लिहायची, त्याच्याकडे नीट बघायची आणि मग पुढचा शब्द. पाच वाजले. हेमकांत पुन्हा दारात आला.

"टाईम व्हई गया, मॅडम."

"तुमचं झालंय ना? मग जा," आयुषी तिघांना म्हणाली. हे तिघं बघत बसले तर आशा आणखी गडबडेल, असं तिला वाटलं. कोणी उठलं नाही.

"अरे, जा की."

दिलवरसिंग हळूच म्हणाला, "शेतात असतो तर समोरून तिच्या पातीला लागलो असतो. इथे तुम्ही नको म्हटलंय. म्हणून नुसते बसलोय."

आयुषी पेठेत वाढलेली, बापाचं कापडाचं दुकान; पात म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. तिने हेमकांतकडे पाहिलं. तो कोरीट गावचा, शेतकऱ्याच्या घरातला होता.

"एकेकाले एकेक ओळ ऱ्हास, मॅडम. तिले पात म्हनतस," तो म्हणाला. "ज्यान्ही पहिले सरनी, तो मांगे ऱ्हायेलले समोरतून हात देस. मांगलाले टाकीसन कोनी घर जात नही."

चाव्या त्याने आवाज न करता टेबलावर ठेवल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. खिशात साहेबांचा फोन वाजायला लागला, तो त्याने बंद केला. आयुषीने यादी बाजूला सरकवली.

आशाने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने तिने पान उलटलं आणि पुढे लिहायला लागली. एकच पान हवं होतं, पण ते सांगायला कोणी उठलं नाही.