बिननावाची मुळी

सृष्टीची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी तीन. तिला मूल हवं होतं, म्हणून थोरली जाऊ नंदाताई रोज सकाळी एक मुळी उकळून तिला काढा द्यायची. "नाव इचारू नको. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो," एवढंच म्हणायची. पाळी वेळच्या वेळी येऊ लागली. दिवस तेवढे राहत नव्हते.

आई आजारी पडली म्हणून नंदाताई माहेरी जाऊन राहिली आणि काढा बंद पडला. पाळी पुन्हा चुकली, तशी सृष्टी घाबरली. डब्यातला मुळीचा तुकडा घेऊन ती थेट बेडशाच्या हौसाबाईकडे गेली. डोंगरातून मुळ्या खणून देणारी तीच.

हौसाबाईनं तुकडा हुंगला. "ही व्हय? दिवस जाऊ न्हाईत म्हणून नेती की तुझी जाऊ. म्हनली, दोन पोरं झाली मला, आता बास."

पोटावर हात ठेवून सृष्टी वलवणला घरी परतली. दारातच काढ्याचा वास आला. नंदाताई माहेराहून आली होती.



"लय खाडा पडला गं तुझा," ती हसत पेला पुढं करत म्हणाली, "आज दुप्पट उकळलाय."